भाकरी न खाल्लेला लांडगा

मुंगसाच्या अंगात पिवळा स्वेटर घालावा की हिरवा, एवढाच त्या दिवशी संजीवनी भापकरपुढचा पेच होता. थंडी पडली होती, मुंगूस शाळेला निघालं होतं आणि त्याची आई त्याला उघड्या अंगानं सोडायला तयार नव्हती. संजीवनीनं ब्रश पिवळ्या रंगात बुडवला आणि तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, मी लखन बोलतोय. लासुर्ण्याच्या पुढच्या माळवस्तीवर शिकवणी घेतो, तो. तुम्ही दिवाळीनंतर आमच्या पोरांना गोष्ट सांगायला आला होता बघा. त्यातली म्हाळसा आठवते का? बारकी, दोन वेण्यावाली?"

"आठवते की. काय झालं?"

"सापडत न्हाय. सुट्टीचा दिवस, आई शेतात होती. टोपल्यातल्या भाकरी घेतल्या आणि कुठं गेली कुणाला पत्ता नाही. बाकीची पोरं म्हणतायत…" लखन सर थांबले. "म्हणतायत, लांडगोबाला जेवायला घालायला गेली."

संजीवनीला आधी हसूच आलं. ते ओठांवर यायच्या आतच विरलं. ब्रशावरचा पिवळा थेंब मुंगसाच्या नाकावर पडून पसरत चालला होता, तो टिपायचंही तिच्या ध्यानात आलं नाही.

संजीवनी पूर्वी बारामतीत एका शाळेत चित्रकला शिकवायची. मग नोकरी सोडून ती पिंपळीला आईकडं आली, पेरूच्या बागेकडं उघडणाऱ्या खोलीत तिनं टेबल मांडलं आणि लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं करू लागली. गोष्ट तिची, चित्रंही तिचीच. तिच्या पुस्तकात कुणी कुणाला चावत नसे. साप बेडकाला पाठीवर घेऊन पाट ओलांडायचा. घार खाली उतरून कोंबडीच्या पिलांना सांगायची, की वरून आपलं गाव कसं दिसतं. पुण्यातल्या, बारामतीतल्या आयाबाया ही पुस्तकं हौसेनं घ्यायच्या, निजताना पोरांना वाचून दाखवायच्या. तिची आई, फुलाबाई, जन्मभर वांगी-गवारीच्या वाफ्यात राबलेली. तिनं एकदा एक पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं होतं आणि विचारलं होतं, "तुझ्यातली मांजरं खात्यात काय गं?"

"दूध."

"आन् उंदरं?"

"उंदीर त्यांचे मित्र असतात."

"मग बरं चाललंय म्हणायचं उंदरांचं," असं म्हणून फुलाबाई वांगी तोडायला गेली होती.

लांडग्याचं पुस्तक त्यातलंच एक. नाव 'लांडगोबा जेवायला आला'. एक भुकेला लांडगा मेंढरांच्या वाड्याशी येतो, सगळे काठ्या घेऊन धावतात, पण एक लहानगी त्याला भाकरी वाढते. लांडगोबा गळ्याशी रुमाल बांधून जेवतो, ढेकर देतो आणि त्या दिवसापासून कोकरांना हात लावत नाही. शेवटच्या चित्रात तो पोट वर करून झोपलाय आणि कोकरं त्याच्या अंगावर लोळताहेत. माळवस्तीवर तिनं हीच गोष्ट सांगितली होती. पोरं खदखदून हसली होती. फक्त म्हाळसा हसली नव्हती. तिनं हात वर करून विचारलं होतं, "खरंच त्याला भाकरी आवडती?"

"आवडते की," संजीवनी म्हणाली होती. "तुझ्या आईच्या हातची असली तर जास्तच."

बोलायची एक रीत असते, तसं ती बोलून गेली होती. आता स्कूटी बाहेर काढताना तेच वाक्य तिच्या कानाशी घोंघावत होतं.

इंदापूर रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. एकेका ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर डोलणारा ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून मोठ्या आवाजातली गाणी. त्यांना ओलांडून जाताना संजीवनीला राहून राहून वाटत होतं, आपण चाललोय खरं, पण जाऊन करणार काय? क्षमा मागायची, तर कशाची? पोरगी एव्हाना सापडलीही असेल. नसली तर? कन्हेरीचा फाटा गेला. लासुर्णंही मागं पडलं. डोक्यात एक विचार धड राहत नव्हता.

वस्तीवर बायका घोळक्यानं उभ्या होत्या. पुरुष पाटाच्या कडेनं आणि उसाच्या फडात शोधायला पांगले होते. पोर हरवलं की माणसाच्या मनात आधी पाणी येतं. म्हाळसाचा बापही कारखान्यावरून ट्रॅक्टर तसाच टाकून आला होता आणि पाटाकडंच पळाला होता. घोळक्यातून एक तिशीची बाई पुढं आली. पायाला चिखल, डोळे कोरडे.

"त्या तुमीच का? चित्रं काढणाऱ्या?"

"हो. मी संजीवनी."

"मी मनिषा. म्हाळसाची आई." ती आणखी एक पाऊल पुढं आली. मग म्हणाली, "माझ्या पोरीला तुमी सांगितलं, लांडगा भाकरी खातो म्हणून?"

संजीवनीनं तोंड उघडलं, पण हो म्हणावं की 'तशी ती गोष्ट होती' म्हणावं, हेच कळेना. दोन्ही उत्तरं खरी होती आणि दोन्ही तिथं शोभत नव्हती.

"आगं, भांडाय जल्म पडलाय," मागून आवाज आला. म्हाळसाचे आजोबा आबाजी काठी घेऊन उभे होते. एकेकाळी कळपामागं कोकणापर्यंत चालून आलेला माणूस, आता घरापुढं उरलेली थोडी मेंढरं सांभाळत होता. "पोरं लांडगा म्हणत्यात, तर मी माळावर बघतो. पाटाला बाकीचं हायेतच. चल मनिषा. बाई, तुमी बी येताय तर या."

फॉरेस्टाचा माळ वस्तीच्या मागंच सुरू होत होता. गुडघाभर वाळकं गवत, मधूनच हिवराची झाडं, आणि पार नजर जाईल तिथवर पिवळा रंग. आबाजी पुढं, मनिषा मधे, संजीवनी मागं. चालता चालता मनिषाच बोलू लागली. मागल्या आठवड्यात वाड्यातलं एक कोकरू गेलं होतं. म्हाळसानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. सकाळी नुसते लोकरीचे पुंजके मिळाले.

"त्या दिवशी पोरगी जेवली न्हाय. मग आपलीच म्हणाली, आई, त्याला कुणी वाढत न्हाय म्हणून त्यो चोरून नेतो. मी म्हणलं, व्हय बाई, आसंल तसं. कामाच्या नादात म्हणलं." मनिषा थांबली. "मी बी व्हय म्हणलं ओ."

संजीवनीला तिच्याजवळ जावंसं वाटलं. पण मनिषा तोवर पुढं निघाली होती.

"म्हाळसाऽऽ!" आबाजींनी हाक दिली. पूर्वी लांबच्या कळपाला द्यायचे तसली, लांबत जाणारी. मनिषानंही दिली. संजीवनीनं हाक मारायला श्वास घेतला आणि तो तसाच छातीत राहिला. लांडगा इथंच कुठं असला तर? ओरडल्यानं तो पळतो की अंगावर येतो? पोरगी त्याच्यासमोर बसली असेल आणि आपल्या ओरडण्यानं तो बिथरला तर? तिला काहीच माहीत नव्हतं. आणि मग, गवतात पाय टाकताना, तिला दुसरं एक उमगलं. ती घाबरली होती. जिनं त्याच्या गळ्याशी चौकडीचा रुमाल बांधला, ती बाई आता प्रत्येक झुडपाआड त्याचे दात पाहत होती.

ऊन कलायला लागलं होतं. एका जुन्या दगडी बांधाजवळ आबाजी एकदम थांबले आणि त्यांनी काठी आडवी धरली.

बांधापलीकडं हिवराखाली म्हाळसा मांडी घालून बसली होती. समोर फडकं पसरलेलं, त्यावर भाकरीचे तुकडे नीट मांडलेले. शेजारी चटणीची पुडीसुद्धा. मनिषाच्या तोंडून हुंदका फुटला, तशी पोरीनं मागं वळून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू की! आत्ताच गेलाय."

मनिषा धावत गेली. आधी एक चापट मारली, मग छातीशी धरलं, मग परत एक चापट मारली आणि परत धरलं. म्हाळसा रडली नाही. आईच्या खांद्यावरून ती माळाकडंच बघत होती.

"कोण गेलं गं?" आबाजींनी विचारलं.

"लांडगोबा. तितं हुता." तिनं बोट केलं. "लई येळ बसला. भाकरी खाल्ली न्हाय."

आबाजी तिकडं चालत गेले, वाकून जमीन पाहिली, बोटानं गवत बाजूला केलं. संजीवनी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली. मुरमाड जमीन. कुठंतरी अर्धवट उठलेला एक पंजा, त्याच्यापुढं नुसते खडे.

"आहे का आबा? लांडग्याचा आहे?"

"कुत्र्याचा बी आसंल." म्हातारा कितीतरी वेळ तसाच वाकून राहिला. "लांडग्याचा बी आसंल. आता नजर बी ऱ्हायली न्हाय आणि वळाण बी मोडलं. काय सांगू तुमाला?"

मनिषानं भाकरीचे तुकडे गोळा केले, धूळ झटकली आणि फडक्यात बांधले. सगळी परत फिरली. वस्ती दिसू लागली, माणसं ओरडत समोरून धावत आली. तेव्हा मनिषानं संजीवनीच्या दंडाला धरून तिला बाजूला ओढलं. राग नव्हता. काही कळत नसलेल्या माणसाचं विचारणं होतं ते.

"बाई, खरं सांगा. तुमी लिवला तसा असतो का त्यो? का आमीच येडी म्हणून कोकरू गेलं की शिव्या देतो?"

"मला माहीत नाही," संजीवनी म्हणाली. दिवसभरात तिच्या तोंडून निघालेलं पहिलं सरळ वाक्य ते.

पुढचे दिवस विचित्र गेले. लखन सरांनी पुस्तक कपाटात ठेवून दिलं. तसं त्यांनी स्वतःच फोन करून सांगितलं आणि वर म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका." मग त्यांचाच परत फोन, की पोरं ऐकत नाहीत, सगळी लांडगेच काढायला लागलीत, पुस्तक परत बाहेर काढू का? वस्तीवरच्या एका पालकानं संजीवनीला निरोप धाडला, की असलं शिकवायचं असेल तर आमच्या पोरांना गोष्टी नकोत. त्याच संध्याकाळी दुसऱ्याचा निरोप, की आमच्या बारक्याचं अंधाराचं भ्या गेलं, अजून एक लिहा. पुण्याचे प्रकाशक हसले. म्हणाले, "अहो, पुस्तकाचा असा परिणाम व्हायला भाग्य लागतं." भाग्य? तिला त्यांचा राग आला, आणि तो राग तरी बरोबर आहे की नाही, याचीही तिला खात्री वाटेना.

तिनं शेवटचं पान नव्यानं काढायला घेतलं. लांडग्याला दात काढले. तो लांडगा लांडगा वाटेना, दातांची जाहिरात करणारा कुणीतरी वाटू लागला. मग त्याच्या तोंडात कोकरू दिलं आणि ते पान तिनं स्वतःच फाडलं, कारण कोकराचे डोळे तिला काढवेनात. मग तिनं लांडगाच काढला नाही. नुसता माळ काढला. त्या कोऱ्या माळाकडं बघून वाटलं, ही तर सगळ्यात मोठी लबाडी.

"जेवतीस का न्हाय?" फुलाबाई दारातून म्हणाली. जमिनीवरचे कागद तिनं पाहिले. "आगं, आपल्या बागेत वटवाघळं येत्यात. निम्मं पेरू खात्यात. मी त्यांना शिव्या बी देती आणि जाळी बी लावती. पण सांजच्याला ती आली न्हायती, तर वर बघती. का बघती, ते मला बी ठाव न्हाय. चल, आमटी गार व्हतीय."

हे सांत्वन होतं की नुसतं जेवायचं बोलावणं, संजीवनीला उलगडलं नाही. ती उठून जेवायला गेली.

बारामतीच्या बाजाराच्या दिवशी अंगणात तिघं येऊन उभे राहिले. आबाजी, मनिषा आणि म्हाळसा. मनिषानं पदराआड काहीतरी धरलं होतं. ते संजीवनीचं पुस्तक निघालं.

"लखन सरांकडनं आणलं," मनिषा म्हणाली. "पोरगी धड बोलंना झालीया. म्हणती, त्या बाईंकडं न्या. आता बाजाराला आलोच हुतो."

म्हाळसा थेट टेबलापाशी गेली, स्वेटरातल्या मुंगसाकडं तिनं पाहिलं, नाकावरच्या पिवळ्या डागाकडंही पाहिलं. मग वळली.

"त्यानं भाकरी खाल्ली न्हाय."

"हो. तू सांगितलंस तेव्हा."

"तुमी म्हणला हुता, आवडती. आईच्या हातची जास्त आवडती. आईच्याच हातची हुती." तिचा आवाज चिरकला. "तुमाला ठाव न्हवतं, का त्यालाच ठाव न्हवतं?"

संजीवनी तिच्यासमोर खाली बसली.

"मला माहीत नव्हतं, बाळा. मी लांडगा कधी बघितलाच नाही. फोटो बघितले. आणि शेजारच्या कुत्र्याला बसवून काढला."

म्हाळसाचे डोळे मोठे झाले. तिनं आधी आईकडं, मग आजोबांकडं पाहिलं. एवढी मोठी बाई, पुस्तक काढणारी, आणि तिनं लांडगा बघितला नाही!

"मी बघितलाय," ती म्हणाली.

"मग सांग. कसा होता?"

पोरगी सांगू लागली, आणि संजीवनी कागद ओढून काढू लागली. पाय लांब होते, एवढे. अंग गवतासारखं, म्हणून आधी दिसलाच नाही. कान एकसारखे हलत होते. तो भाकरीकडं बघत नव्हता.

"मग कुठं बघत होता?"

"माझ्याकडं. मग लांब. मग परत माझ्याकडं."

"रागानं?"

म्हाळसानं विचार केला. "न्हाय."

"मायेनं?"

"न्हाय." पुन्हा विचार. "आबा पाहुणे आल्यावर बघत्यात तसा. ह्यो कोण आलाय, असा."

आबाजी हसले. मग कागदावर वाकून म्हणाले, "शेपूट खाली पायजे. वर काढली तर कुत्रं झालं."

"वर हुती," म्हाळसा म्हणाली.

"मग कुत्रं हुतं ते."

"न्हाय! लांडगाच हुता! मी बघितलाय, तुमी न्हाय बघितला!"

"मी रगड बघितल्यात गं. येक काठीनं मारला बी हाय तरुणपणी." म्हातारा सांगता सांगता अडखळला. "मारला, आणि दोन दिस गोड लागलं न्हाय. आता का, ते इचारू नगा. कोकरू तर माझंच गेलं हुतं."

संजीवनीनं शेपूट निम्म्यावर ठेवली. ना वर, ना खाली. ती दोघांनाही पटली नाही.

"आता ह्यात मी काढा," म्हाळसा म्हणाली. संजीवनीनं हिवराच्या झाडाखाली मांडी घातलेली पोर काढली, समोर फडकं, फडक्यावर भाकरी. मनिषा इतका वेळ दाराशी उभी होती. ती जवळ आली आणि कागदाकडं बघत राहिली. चित्रात उजव्या कडेला लांडगा, डाव्या कडेला तिची पोर, आणि मधे नुसतं गवत.

"अशी एकटी नगा ठिवू तिला," मनिषा म्हणाली.

"ती एकटीच होती ना तेव्हा?"

"हुती. म्हणूनच म्हणती. बाकीची पोरं बघतील ते, त्यांना वाटंल, एकटीनं जायचं असतं." तिनं बोट ठेवलं, म्हाळसाच्या मागं, अगदी पाठीशी. "हितं मला काढा. उभी. हातात काठी असू द्या."

"काठी मारायला?"

"मारायला न्हाय." मनिषा घुटमळली. "पण असू द्या."

मग तिनं पदर खांद्यावरून नीट ओढला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. अंग ताठ, हनुवटी वर, फोटोला उभी राहिल्यासारखी. संजीवनीनं तिला तसंच काढलं नाही. माळावर धावताना पाहिलेला चेहरा तिच्या ध्यानात होता, तोच काढायचा प्रयत्न केला. मनिषानं कागद पाहिला आणि म्हणाली, "मी एवढी भ्यालेली दिसती व्हय?" मग कागद टेबलावर ठेवत, "ऱ्हाऊ द्या."

पुस्तकाची दुसरी आवृत्ती उन्हाळ्यात निघाली. रुमाल गेला, ढेकर गेली, पोट वर करून झोपलेला लांडगोबा गेला. नव्या शेवटात लांडगा येतो, भाकरीकडं न बघता पोरीकडं आणि तिच्या आईकडं बघतो, आणि निघून जातो. भाकरी त्या दोघीच खातात. प्रकाशकांना हा शेवट फारसा रुचला नाही. ते म्हणाले, मुलांना कळणार नाही, लांडगा चांगला की वाईट. संजीवनी म्हणाली, मलाही कळलेलं नाही.

माळवस्तीवर ती पुस्तक घेऊन गेली, तेव्हा पोरं हसली नाहीत. त्यांच्यात भांडण जुंपलं. एक म्हणाला, लांडगा परत येणार. एक म्हणाली, न्हाय, त्याला दुसरीकडं घर हाय. एकानं विचारलं की मग त्यानं खाल्लं काय, आणि सगळी संजीवनीकडं वळली. तिनं म्हाळसाकडं पाहिलं. म्हाळसानं खांदे उडवले.

"कोकरू खातो त्यो," आबाजी मागून म्हणाले. "आमी वाड्याला तारंची जाळी मारलीया. आता न्हाय गावत त्याला आमचं."

"मग उपाशी ऱ्हाईल की," कुणीतरी म्हणालं.

"ऱ्हाईल." आबाजी म्हणाले आणि डोक्यावरचं मुंडासं काढून परत बांधू लागले. बराच वेळ बांधत राहिले.

मनिषा चहा घेऊन आली. संजीवनीच्या हातात कप देताना तिनं पुस्तक उघडून ते पान पुन्हा काढलं, आणि बोटानं लांडगा आणि म्हाळसा यांच्यातलं गवत मोजल्यासारखं केलं.

"जरा लांब करता आला असता," ती म्हणाली.

"म्हाळसा म्हणते, याहून जवळ होता."

"व्हय?" मनिषानं लेकीकडं पाहिलं. म्हाळसा पोरांच्या घोळक्यात दोन्ही हात पसरून काहीतरी सांगत होती. "मला तर अजून बी वाटतं, कुत्रंच आसंल ते. प्या, च्या गार व्हतोय."